वाढवलेलं दुकान

“तिला काय कळतंय, कॉन्व्हेंट आहे ती.”

एडिटिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर चपला काढत होते. आत अद्वैत, म्हणजे फिल्मचा दिग्दर्शक, एडिटरला हे सांगत होता. माझा एक पाय चपलेत होता, एक फरशीवर. मी काढलेली चप्पल पुन्हा घातली, दोन पावलं मागे गेले, मोठ्यानं खाकरले आणि मग आत शिरले. दोघंही “ये, ये” म्हणाले. मला नेमकं काय कळत नाही, हे मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. ऐकते आणि ठेवून देते.

माझं काम मराठी शॉर्ट फिल्मना इंग्रजी सबटायटल्स लिहिण्याचं आहे. पडद्याच्या तळाशी ज्या दोन ओळी येतात आणि जातात, त्या कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. माझ्या आईला अजूनही वाटतं की ते कॉम्प्युटर आपोआप करतो आणि मी फक्त तपासते.

माणूस जितक्या वेगानं बोलतो तितक्या वेगानं दुसऱ्याला वाचता येत नाही. वाचता वाचता त्याला चेहराही बघायचा असतो. त्यामुळे बोललेल्यातलं बरंच सोडून द्यावं लागतं. उरतं ते दोन ओळींत, दोन-चार सेकंदांत बसवायचं, आणि माणूस गप्प झाला की आपणही गप्प व्हायचं. मला हे काम जमतं याचं कारण गप्प राहण्याचा सराव. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर वारज्याचं, घरात मराठी. शाळेत माझं इंग्रजी घरगुती ठरायचं आणि गणपतीत पाहुण्यांसमोर माझं मराठी शाळेतलं. दोन्हीकडे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासून घ्यायची सवय लागली, आणि त्या सवयीचे पुढे पैसे मिळायला लागले.

पहिल्याच वर्षी मोठी चूक केली. एका फिल्ममध्ये सासू सुनेला म्हणते, “फार शहाणी आहेस.” मी जे ऐकलं ते सरळ लिहिलं, ‘यू आर व्हेरी वाइज’. बाहेरच्या एका महोत्सवात फिल्म गेली, आणि सासू-सुनेचं इतकं हळुवार नातं दाखवल्याबद्दल तिथल्या लोकांनी दिग्दर्शिकेचं कौतुक केलं. तिनं परत येऊन मला एवढंच सांगितलं, “तूही फार शहाणी आहेस.” या वेळी मला बरोबर समजलं.

एक निर्माते होते, निवृत्त अधिकारी. त्यांना इंग्रजी जरा भारी हवं होतं. पात्र म्हणायचं “अंधार पडला” आणि त्यांना खाली संध्याकाळनं आपला पदर पसरल्यासारखं काहीतरी हवं असायचं. मी म्हटलं, वाचून होईपर्यंत सीन संपतो. ते म्हणाले, “मग सीन लांबवू.” आणि खरंच लांबवला.

पण एका ठिकाणी मला स्वतःबद्दल बरं वाटतं. एका फिल्मच्या शेवटी म्हातारी बाई घर कायमचं सोडताना उंबऱ्यात वळून म्हणते, “येते हं.” याचं इंग्रजी ‘आय विल कम बॅक’ होत नाही आणि ‘आय ॲम गोइंग’ही होत नाही. मी तीन दिवस त्यावर बसले आणि शेवटी तिथे काहीच लिहिलं नाही. पडद्याचा तळ रिकामा ठेवला. कुणाच्याही लक्षात आलं नाही, म्हणजे बरोबर होतं.

शॉर्ट फिल्म बघून बघून माणूस संशयी होतो. वेळ थोडा असतो, ओळख करून द्यायला सवड नसते, म्हणून सगळेच ठरलेल्या खुणा वापरतात. मी किती फिल्म केल्या ते मोजलेलं नाही, पण त्यांत नळ किती गळले ते सांगू शकेन. सुरुवातीला चहाचा कप भरतात, शेवटी तोच कप साय धरून पडलेला असतो. म्हातारा माणूस खिडकीशी बसतो. त्याचा मुलगा परदेशात असतो आणि फोन उचलत नाही. एखादी जुनी वस्तू असते, घड्याळ, रेडिओ, चष्मा, आणि ती कॅमेऱ्यासमोर तीनदा येते. तिसऱ्यांदा ती बंद पडते. मग काळा पडदा, मग व्हायोलिन. यात वाईट काही नाही, प्रेक्षकाला खूण पटकन कळते. पण आता खऱ्या आयुष्यातही कुणी खिडकीशी बसलेलं दिसलं, की मी आजूबाजूला कॅमेरा कुठे असेल ते बघते.

अद्वैतची फिल्म कसबा पेठेतल्या एका बुकबाइंडरवर होती. पटकथा नव्हती, खराच माणूस, खरंच दुकान. अद्वैत पेठेतच वाढलेला, मराठी माध्यमाचा. बोलायला लागला की समोरच्यानं वहीत लिहून घ्यावं असं मराठी. मला तो पहिल्या दिवसापासून कॉन्व्हेंट म्हणायचा. माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, साधी इंग्रजी माध्यमाची होती. हेही मी कधी सांगितलं नाही.

सबटायटल लिहिणारी शूटिंगला जात नाही. त्या दिवशी नोंदी ठेवणारी मुलगी आजारी पडली म्हणून मला बोलावलं. वारज्याहून बस, पुढे गल्ल्यांतून चालत. दुकान दहा बाय दहाचं. आत पुठ्ठे, कापडाचे गठ्ठे, खळीचा वास आणि बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब. बाहेर पाटी: ‘काम कधी होईल असे विचारल्यास उशीर होईल.’

मालक मोहितेकाका सत्तरीच्या आसपासचे. विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध काळ्या कापडात बांधून त्यांवर सोनेरी अक्षरं उठवणं हे मुख्य काम. त्यांच्याबरोबर त्यांची सून सुजाता शिवणीला बसायची. ती दाभण हातात घेऊनच आमच्याशी बोलत होती.

“तुमचं काय काम, बाळ?” काकांनी मला विचारलं.

“मी सबटायटल्स लिहिते. तुम्ही मराठीत बोलाल ते खाली इंग्रजीत.”

“म्हणजे साक्षीदार.”

“तसंच काहीसं.”

“नीट ऐका मग. मी एकदाच बोलतो.”

माझ्या पिशवीत शाळेपासूनचा मराठी-इंग्रजी शब्दकोश होता. पाठ उसवलेली, पानं सुटत आलेली. काकांनी तो न विचारता बाहेर काढला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी एखाद्या आजाऱ्याला उन्हातून चालवत आणलंय. “राहू दे इथे. झाला की घेऊन जा.” कधी होईल, ते मी पाटी वाचलेली असल्यामुळे विचारलं नाही.

शूटिंग सुरू झालं. अद्वैत मॉनिटरवरून म्हणाला, “काका, जरा कमी हसा.”

“का? दात वाईट दिसतात?”

“नाही, सीन गंभीर आहे.”

“मी कामात गंभीरच असतो. पाच जण मिळून मला खळ लावताना बघताय म्हणून हसू येतंय.”

सुजाता हसली, तर अद्वैतनं तिला फ्रेमबाहेर बसायला सांगितलं. तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. एकट्या म्हाताऱ्याच्या फिल्ममध्ये हसणारी सून बसत नाही. ती दिवसभर फ्रेमबाहेर बसून शिवत राहिली आणि तिनं शिवलेले प्रबंध कॅमेऱ्यासमोर काकांच्या हातात जात राहिले.

शेवटी काकांची मुलाखत होती. नेमकं तेव्हाच मला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, दुचाकीवाल्यांना हॉर्न वाजवू नका असं सांगायला. अनोळखी माणसाला पत्ता विचारण्यापेक्षा मी दोन चौक जास्त चालते, आणि तिथे मी हात जोडून उभी. त्यामुळे काका काय बोलले ते मी ऐकलं नाही. साक्षीदार ऐन वेळी बाहेर.

काही दिवसांनी कापून पक्की केलेली फिल्म आली. शेवट असा: काका कॅमेऱ्याकडे बघतात. म्हणतात, “चाळीस वर्षं झाली. आता दुकान वाढवायचं ठरवलंय.” शटर खाली येतं. काळा पडदा. व्हायोलिन.

मी लिहिलं की चाळीस वर्षांनंतर आता मी दुकान ‘एक्स्पांड’ करायचं ठरवलंय. ते घेऊन गेले त्याच दिवशी दाराबाहेर ते ‘तिला काय कळतंय’ ऐकलं.

अद्वैतनं शेवटची ओळ वाचली आणि खुर्ची मागे ढकलून हसला. “अगं, दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं. बंद हा शब्द अशुभ, म्हणून वाढवलं म्हणतात. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, माहीत नाही? शटर पडताना दिसत नाही का तुला?”

“दिसतंय.”

“मग? कान आणि डोळे दोन्ही इंग्लिश मीडियमचे?”

मी तिथेच ओळ बदलली. ‘आफ्टर फॉर्टी इयर्स, आय ॲम क्लोजिंग द शॉप.’ एका ओळीत सुरेख बसली. नीट बसलेल्या ओळीवर पुन्हा संशय घ्यावासा वाटत नाही, हा या धंद्यातला खरा धोका.

बसमध्ये मात्र ते डोक्यातून जाईना. शब्दकोश बघावा तर तो काकांच्याच दुकानात दाबाखाली होता. घरी आल्यावर आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

“दुकान वाढवणं म्हणजे काय गं?”

“बंद करणं. तुझे आजोबा म्हणायचे, आठ वाजले, दुकान वाढवतो. दिवेलागणीनंतर बंद करतो म्हणायचं नाही.”

म्हणजे अद्वैत बरोबर होता. मी पाणी प्यायले. मग पुन्हा विचारलं, “आणि आजोबांनी दुकान कायमचं बंद केलं तेव्हा काय म्हणाले?”

आईचं लाटणं थांबलं. “तेव्हा... आवरलं म्हणाले. दुकान आवरलं.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “वाढवायचं ते सकाळी पुन्हा उघडायचं असतं म्हणून. कायमचं कोण वाढवेल? आणि संध्याकाळी दुकान वाढवायचं असं कुणी ठरवतं का? ते रोजचंच असतं.”

वाक्यात ‘ठरवलंय’ होतं. तो शब्द मी रात्रभर मनातल्या मनात उलटसुलट केला.

दुसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. एडिटरला कळवलं की शेवटच्या सीनचे सेकंद जुळत नाहीत, मुलाखतीची मूळ फाइल पाठवता का. त्यानं लगेच पाठवली. हेडफोन लावून मी ऐकत बसले. मागे माझाच आवाज होता, लांबून, “हॉर्न नका ना वाजवू.” मग काका:

“चाळीस वर्षं झाली. आता दुकान वाढवायचं ठरवलंय. शेजारचा गाळा मोकळा झालाय, मालकांनी हो म्हटलंय. तिथे सुजाता बसेल. हाताने वह्या कशा बांधायच्या ते शिकवायचं म्हणते, पोरी विचारायला येतात तिच्याकडे. माझ्यापेक्षा तिची शिवण सरळ येते. हे घेऊ नका हो त्यात, डोक्यावर बसेल.”

मागे सुजाताचं हसू. मग अद्वैतचा आवाज, “काका, आता फक्त शटर एकदा खाली ओढाल का? हवं तर पुन्हा उघडा.”

कात्री बरोबर ‘ठरवलंय’च्या पाठीवर पडली होती. एक श्वाससुद्धा जास्त ठेवलेला नव्हता.

मी अद्वैतकडे गेले. वाटेत तीन वाक्यं तयार केली होती, त्यातलं पहिलंच बोलून झालं. “काका दुकान बंद करत नाहीयेत.”

तो म्हणाला, “तुला मूळ फाइल कुणी दिली?”

काय आहे त्या फाइलमध्ये, हे त्यानं विचारलं नाही. मग दाराबाहेर ऐकलेलं ते वाक्य माझ्यापुढे पुन्हा आलं आणि या वेळी त्याचा अर्थ वेगळा लागला. तोपर्यंत मी तो अपमान समजत होते. तो अंदाज होता. मला कळणार नाही, यावर त्याचा हिशेब उभा होता.

“हे बघ,” तो मऊ आवाजात म्हणाला. “वाक्य त्यांचंच आहे. मी एक शब्द बदललेला नाही. बदलला असेल तर तू, सबटायटलमध्ये.”

“तू सांगितलंस म्हणून.”

“नाव तुझं आहे. आणि शॉर्ट फिल्मला शेवट लागतो. म्हाताऱ्यानं शेजारचा गाळा घेतला, हा काय शेवट आहे? कोण बघेल?”

मला वाटलं, मी बघेन. पण ते मनातच राहिलं. मी एवढंच म्हटलं की दुरुस्त ओळ पाठवते. तो म्हणाला, पाठव, बघू. त्याच दिवशी पाठवली. उत्तरात एक अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा हे कुठल्याच शब्दकोशात नाही.

पुढच्या आठवड्यात नेटवर फिल्मची झलक आली. अर्ध्या मिनिटाची. काका, ते वाक्य, शटर, व्हायोलिन. खाली माझी जुनी ओळ, आणि शेवटी सबटायटल्ससाठी माझं नाव.

मी शब्दकोश आणायला कसब्यात गेले, निदान स्वतःला तसं सांगितलं. काकांनी तो दाबाखालून काढून दिला. तपकिरी कापड, नवी पाठ, एक पान हलत नव्हतं.

“बाळ, एक विचारू?” ते म्हणाले. “गेले चार दिवस लोक येतात आणि माझ्याकडे वाईट चेहऱ्यानं बघतात. एक मुलगा अर्धा बांधलेला प्रबंध परत घेऊन गेला. म्हणाला, तुम्ही बंद करताय ना, राहून जायला नको. गाळ्याचे मालक काल दारातूनच म्हणाले, मोहिते, बंद करताय तर गाळा कशाला अडवून ठेवता? मोबाइलच्या कव्हरवाला मागतोय. मी म्हटलं, कोण म्हणतं बंद? त्यांनी फोन दाखवला. ऐकलं मी. मी म्हणालो तेच आहे त्यात. खाली इंग्रजीत काय लिहिलंय?”

माझ्या हातात शब्दकोश होता आणि मला एकही शब्द मिळेना. मी म्हटलं, “काका, झलक आहे ना, त्यात थोडंच दाखवतात.”

“तेच सांगितलं मी मालकांना. म्हटलं, सिनेमात पूर्ण ऐका. आमच्यासाठी खुर्च्या ठेवल्यात अद्वैतनं. त्यांना घेऊनच येतो. तोवर थांबतो म्हणालेत.” ते पुन्हा कामाला लागले. “येईल ना त्यात सगळं?”

“बघते,” मी म्हटलं. ज्यांना नाही म्हणता येत नाही अशी माणसं हा शब्द वापरतात.

सुजाता मला पायरीपर्यंत सोडायला आली. हातातला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, “ताई, मला इंग्रजी वाचता येतं.”

मी शब्दकोश पिशवीत घालायला लागले.

“अण्णांना मी सांगितलेलं नाही.” सासऱ्यांना ती अण्णा म्हणायची. “खाली तुमचं नाव आहे. म्हटलं, तुम्हीच सांगाल.”

त्या पायरीवर मी सांगायला हवं होतं. दोन पावलांवर काका होते. मी मान हलवली आणि निघाले. या लेखात माझ्या हातून झालेल्या बऱ्याच चुका गमतीनं सांगितल्या आहेत. ही त्यांत मोडत नाही.

फिल्म दाखवायची होती त्या दुपारी मी हॉलमध्ये कडेची खुर्ची धरून बसले. दुरुस्त ओळ लावली असेल, असं मी स्वतःला समजावत होते. पुढच्याच रांगेत काका, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले. त्यांच्या एका बाजूला सुजाता, दुसऱ्या बाजूला गाळ्याचे मालक, मांडीवर छत्री ठेवून. फिल्म सुरू झाली. दुसऱ्याच शॉटला नळ गळला. खळीचं भांडं तीनदा आलं, तिसऱ्यांदा रिकामं. मी पडद्याच्या तळाखेरीज कुठेच बघत नव्हते.

“आता दुकान वाढवायचं ठरवलंय.”

‘आय ॲम क्लोजिंग द शॉप.’

शटर. टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईंनी नाक पुसलं.

दिवे लागले. अद्वैत मंचावर गेला. एका गृहस्थांनी विचारलं, “मग दुकान आता बंद झालं का?” काका मान उंच करून मंचाकडे बघत होते. उत्तर येईल अशी त्यांची खात्री होती.

अद्वैत हसला. “मला वाटतं, शेवट मी मोकळा ठेवलाय. प्रत्येकानं आपापला अर्थ घ्यावा.”

पुढच्या रांगेत मालक काकांकडे झुकले. “म्हणजे बंदच ना?” आणि त्यांनी मांडीवरची छत्री हातात घेतली, निघायला.

माइक घेतलेला मुलगा आमच्या रांगेच्या टोकाशी उभा होता. मी हात वर केला. हात वर गेलाय हे मला जरा उशिराच कळलं. माइक हातात आला, जड होता, आणि पहिल्यांदा त्यातून फक्त माझा श्वास सगळ्या हॉलला ऐकू गेला. अद्वैतनं मला ओळखलं आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. सुजाता मागे वळली. मी या वेळी वाक्य मनात तपासलं नाही.

“सबटायटल्स मी लिहिली आहेत,” मी म्हणाले. “शेवटचं चुकलंय. मोहितेकाका दुकान बंद करत नाहीयेत. त्यांच्या वाक्याचा पुढचा भाग कापलाय, तो मी ऐकलाय. ते शेजारचा गाळा घेतायत आणि तिथे त्यांची सून बसणार आहे. इथे वाढवणं म्हणजे मोठं करणं. मला मराठी कळतं.”